ल्युब्ल्यानात तीन रात्री: काय बघायचं त्याआधी कधी आणि काय खायचं ते ठरवा

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर कळेल. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आईबाबांना घेऊन तुम्ही व्हिएन्नाहून व्हेनिसला चालला आहात. वाटेत स्लोव्हेनियाच्या राजधानीत, ल्युब्ल्यानाला, तीन रात्रींचा मुक्काम आहे. गुरुवारी संध्याकाळी पोहोचणार, रविवारी दुपारी निघणार. ओळखीतल्या दोघा-तिघांनी सांगितलं की अर्ध्या दिवसात गाव बघून होतं, दोन रात्री रद्द करून व्हेनिसला वाढवा. आईचे गुडघे दुखतात. बाबा शाकाहारी आहेत. केकमधलं अंडं चालतं, ताटात दिसलेलं चालत नाही. बाबा तीन दिवस पाव-बटाट्यावर काढतील आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर करायलाच काही उरणार नाही, ही तुमची धास्ती.

मी गेली सतरा वर्षं मध्य युरोपात छोटे गट घेऊन जाते. बारा-चौदा माणसं, बहुतेक साठीच्या पुढची, त्यातली निम्मी शाकाहारी. ल्युब्ल्यानाला वीसेक वेळा तरी जाऊन झालं असेल. त्या जोरावर सांगते, एकही रात्र रद्द करू नका.

तुमच्या ओळखीच्यांचं म्हणणं खोटं नाही. लातूर शहरापेक्षाही कमी वस्तीची ही राजधानी आहे. प्रेशेरेन चौकात उभं राहिलं की तिहेरी पूल पायाशी, बाजार पुलापलीकडे, ड्रॅगन पूल त्याच्या टोकाला आणि किल्ला डोक्यावर. यादी हातात घेऊन खुणा करत गेलात तर तीन तासांत संपेल. माझ्या पहिल्या गटाचं हेच झालं. आम्ही दुपारी तीनला उतरलो. तोवर बाजार उठला होता, स्वयंपाकघरं संध्याकाळपर्यंत बंद झाली होती. लोकांनी पूल बघितले, आइस्क्रीम खाल्लं, आणि बसमध्ये चढताना एका काकूंनी मला विचारलं, "हे झालं ते राजधानीचं गाव होतं का?" त्या संध्याकाळी मी वहीत लिहून ठेवलं की इथे पुन्हा दुपारी उतरायचं नाही.

या गावाला स्वतःचं घड्याळ आहे. बाजार सकाळचा. दुपारचं जेवण, ज्याला ते 'कोसीलो' म्हणतात, बारा ते अडीच. शुक्रवार वेगळा, शनिवार वेगळा आणि रविवार अगदीच वेगळा. बघायच्या गोष्टी जेवणाच्या आणि बाजाराच्या वाटेवरच लागतात. म्हणून मी आधी खाण्याच्या वेळा मांडते आणि मधल्या जागांत इमारती बसवते. तुमच्या तीन दिवसांचंही तसंच करू.

तीन गोष्टींवर मात्र बरंच काही अवलंबून आहे. पहिली पाऊस. आल्प्सच्या कुशीतलं गाव असल्यामुळे मे महिन्यात दुपारची जोरदार सर नवी नाही. दुसरी, आईंना सलग किती चालवतं. तिसरी, बाबांचा शाकाहार किती काटेकोर आहे, म्हणजे मांसाच्या रसात शिजलेली भाजी बाजूला सारून बाकीचं ते खातील की ताटच परत पाठवतील. खालचं सगळं मी हवा बरी आहे, आई थांबत-थांबत चार किलोमीटर चालतात आणि बाबा ताट परत पाठवतात, असं धरून लिहिते.

मुक्काम नदीच्या जवळ घ्या. जुन्या गावात २००७ पासून मोटारींना बंदी आहे, त्यामुळे टॅक्सी अगदी दारापर्यंत येईलच असं नाही. घर घेताना गाडी कुठवर येते ते विचारून ठेवा. आत फिरायला 'कावालीर' नावाच्या छोट्या विजेच्या गाड्या आहेत, फुकट. फोन करून बोलावता येतात किंवा रस्त्यात हात दाखवून थांबवता येतात. आईंचे गुडघे बोलायला लागले की हाच उपाय. स्वयंपाकघर असलेलं घर मिळालं तर उत्तम. भात-दही आपल्या हातचं झालं की बाबांची निम्मी काळजी मिटते. घरून मेतकूट, चटण्या, भाजणी खुशाल न्या. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका. भारतातून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला मनाई आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात.

आता बाबांच्या जेवणाकडे येते. हा तुमच्या प्रश्नाचा सगळ्यात नाजूक भाग आहे आणि इथे मी स्वतः एकदा चुकले आहे.

काही वर्षांपूर्वी गटात एक जैन ताई होत्या. एका खानावळीत मी 'झ्लिक्रोफी' मागवले. इद्रिया या जुन्या पाऱ्याच्या खाणींच्या गावचा हा पदार्थ. बोटाच्या पेराएवढे मैद्याचे कान, आत बटाटा, कांदा, हिरवी पात. मी वाढप्याला विचारलं, यात मांस आहे का? तो म्हणाला, नाही, फक्त बटाटा. ताईंनी दोन खाल्ले, तिसरा काट्यावर घेऊन नाकाशी धरला आणि म्हणाल्या, "याला धुराचा वास कसला येतोय?" मी आत जाऊन विचारलं. सारणात वितळवलेली डुकराची चरबी होती, थोडी 'स्लानीना' होती, म्हणजे धुरी दिलेली चरबीची पट्टी. वाढपी खोटं बोलला नव्हता. त्याच्या लेखी मांस म्हणजे ताटातला तुकडा. चरबी म्हणजे आपल्याकडची फोडणी. फोडणीत काय आहे हे मी विचारलंच नव्हतं. ताई त्या रात्री जेवल्या नाहीत. मला ते आजही लागून आहे.

तेव्हापासून मी 'शाकाहारी आहे का' एवढ्यावर थांबत नाही. चार गोष्टी नावानं विचारते. स्लानीना आहे का? 'ओत्स्वीर्की' आहेत का, म्हणजे चरबीचे कुरकुरीत तळलेले कण, जे वरून भुरभुरतात? सारणात किंवा तळणीत चरबी आहे का? आणि सूप कशाच्या पाण्यात केलंय? तिथे 'गोवेया यूहा', गाईच्या मांसाचं पातळ सूप, हे रोजच्या जेवणातलं आहे आणि मशरूमच्या सुपालाही पाणी कधीकधी त्याचंच असतं. 'ब्रेझ मेसा', म्हणजे मांसाशिवाय, हे दोन शब्द पाठ करा आणि पाठोपाठ 'ब्रेझ स्लानीने, ब्रेझ ओत्स्वीर्कोव' जोडा. ल्युब्ल्यानात जवळपास सगळ्यांना इंग्रजी येतं, पण हे शब्द त्यांच्या भाषेत कानावर पडले की वाढपी आत जाऊन आचाऱ्याला विचारून येतो. हा फरक मी दर वेळी अनुभवलाय.

मग बाबा काय खातील? पहिलं नाव 'श्त्रुक्ली'. पातळ लाटलेल्या पोळीवर सारण पसरून गुंडाळी करतात, उकडतात आणि जाड काप करून वाढतात. सारणात बहुतेक वेळा 'स्कूता' असतो, म्हणजे आपला चक्का, पण आंबटपणा फार कमी. वरून लोण्यात परतलेला पावाचा चुरा. गोड हवे तर अक्रोडाचे घ्या. आणि एकदा तरी पेहत्रानचे घ्या. पेहत्रान हा हिरवा पाला आहे, चावला की बडीशेपेसारखी गोडसर थंड चव येते. कणकेत आणि सारणात अंडं असतं, पण ते केकच्या हिशेबातलं, दिसत नाही.

दुसरं, 'आइदोवी झ्गान्त्सी'. आइदा म्हणजे कुट्टू, ज्याचं पीठ उत्तरेत उपासाला चालतं. उकळत्या मिठाच्या पाण्यात पिठाचा ढीग तसाच सोडतात, मधोमध लाकडी चमच्याच्या दांड्यानं भोक पाडतात, शिजू देतात, मग जादा पाणी काढून काट्यानं मोकळं करतात. विदर्भातल्या उकडपेंडीची आठवण यावी असा प्रकार. हा डोंगरी शेतकऱ्यांचा नाश्ता. वर ओत्स्वीर्की घालायची रीत आहे, म्हणून आधीच नको सांगायचं आणि जोडीला दही मागायचं. माझ्या गटातल्या मधुमेही मंडळींना हे इतकं आवडलं की दोघांनी पीठ विकत घेतलं.

तिसरी गोष्ट भोपळ्याच्या बियांचं तेल. बाटलीत काळं दिसतं, ताटलीत ओतलं की गडद हिरवं. भाजलेल्या बियांचा खमंग वास असतो. मला कारळाच्या चटणीची आठवण होते. घेवड्याच्या पांढऱ्या दाण्यांची कोशिंबीर, वर कांदा आणि हे तेल, सोबत पाव, एवढ्यावर मी स्वतः कितीतरी दुपारी काढल्या आहेत. हे तेल शिजवायचं नसतं, वरूनच घ्यायचं. 'योता' मात्र बाबांनी टाळावं. आंबवलेला कोबी, घेवड्याचे दाणे आणि बटाटा यांची दाट आमटी आहे, नाव ऐकून बिनमांसाची वाटते, पण तिच्यात बहुधा धुरी दिलेलं डुकराचं मांस शिजवलेलं असतं. तुम्ही स्वतः मांसाहारी असाल तर मात्र एका संध्याकाळी योता आणि क्रान्यस्का सॉसेज जरूर घ्या, सोबत मोहरी आणि किसलेलं ताजं हॉर्सरॅडिश, म्हणजे एक तिखट मूळ. हॉर्सरॅडिश नाकात मोहरीपेक्षा जास्त झोंबतं, पहिला घास बेतानं.

गोडात 'पोतित्सा'. आंबवलेल्या कणकेची लाटी, त्यावर दळलेल्या अक्रोडाचं सारण, गुंडाळी करून मधे भोक असलेल्या गोल भांड्यात भाजलेली. कापली की आत बाकरवडीसारखा वेढा दिसतो. ईस्टरला आणि नाताळला घरोघरी होते, पण बेकरीत बारा महिने मिळते. 'प्रेकमुर्स्का गिबानित्सा' त्याहून जड: खसखस, स्कूता, अक्रोड, सफरचंद, असे थरावर थर. दोघांत एक काप पुरतो.

एवढ्यावर तीन दिवस निघतात, आणि पाव-बटाट्याशिवाय निघतात. आता दिवस लावू.

गुरुवारी संध्याकाळी काहीही ठरवू नका. व्हिएन्नाहून रेल्वेनं सहा तासांच्या आसपास लागतात. सामान टाका, आंघोळी करा आणि नदीकाठी या. मेच्या मध्यात आठ-सव्वाआठपर्यंत उजेड असतो. प्रेशेरेन चौकात बसा. पुतळा फ्रान्से प्रेशेरेनचा, १८०० ते १८४९ मधला कवी. त्याच्या कवितेचं एक कडवं आज स्लोव्हेनियाचं राष्ट्रगीत आहे आणि त्याचा मृत्युदिन, ८ फेब्रुवारी, तिथे राष्ट्रीय सुट्टीचा. कवीच्या पुण्यतिथीची सरकारी सुट्टी असणारा देश आहे, हे बाबांना सांगाच. पुतळ्याची नजर जिकडे आहे तिकडे समोरच्या गल्लीतल्या एका भिंतीवर खिडकीत एका स्त्रीचा चेहरा कोरलाय. ती यूलिया, जिच्यावर त्याचं एकतर्फी प्रेम होतं. आईबाबांना आधी सांगू नका, शोधायला लावा.

शुक्रवारी सकाळी ब्लेडला जा. याचं कारण सांगते. ब्लेडचं तळं ल्युब्ल्यानापासून पन्नासेक किलोमीटर, बसनं सव्वा तास. शनिवारी तिथे आसपासच्या तीन देशांतली गर्दी उलटते, शुक्रवारी त्यामानानं मोकळं. शिवाय ल्युब्ल्यानाचा बाजार शनिवारी सगळ्यात भरलेला असतो, तो सोडून बाहेर जाऊ नये. एक गोष्ट मला खटकते, की शुक्रवारचं कोसीलो चुकतं. स्लोव्हेनियात कामावरच्या माणसाला कामाच्या दिवशीच्या जेवणाचा भत्ता मिळतो, म्हणून आठवड्याच्या पाच दिवसांत खानावळी दुपारी ठरावीक दरात सूप, मुख्य पदार्थ आणि कोशिंबीर देतात. रात्रीच्या दरापेक्षा बरंच कमी आणि सगळं ताजं. पण तुमच्या तीन दिवसांत कामाचा दिवस एकच येतोय आणि ब्लेडसाठी तोच बरा. काहीतरी सोडावं लागणारच.

ब्लेडला पहिली-दुसरी बस घ्या. तळ्याभोवतीची वाट सहा किलोमीटर, सपाट. आईंना जमेल तेवढी चाला. मधल्या बेटावर देऊळ, म्हणजे चर्च आहे, तिथे 'प्लेत्ना' नावाच्या होडीतून नेतात, नावाडी उभ्यानं वल्हवतो. बेटावर उतरलं की ९९ पायऱ्या. गुडघ्यांचा विचार करता मी आईंना खाली काठानं बेटाला फेरी मारायला सांगेन. खालून दिसणारं पाणी आणि डोंगर वरच्यापेक्षा कमी नाहीत. परतण्याआधी 'क्रेमश्नीता' खा. १९५३ मध्ये तिथल्या पार्क हॉटेलच्या मिठाईवाल्यानं, इश्तवान लुकाचेविचनं, बसवलेला हा चौकोन: खाली-वर कुरकुरीत पापुद्रा, मधे पिवळं व्हॅनिला कस्टर्ड, त्यावर पांढरं क्रीम. ताटली टेबलावर ठेवताना कस्टर्ड थरथरलं पाहिजे, ही ताजेपणाची खूण.

दुपारी चारच्या आत परत या, कारण शुक्रवार हा 'ओदप्रता कुह्ना'चा दिवस. नावाचा अर्थच उघडं स्वयंपाकघर. २०१३ पासून दर शुक्रवारी, मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, बाजाराशेजारच्या पोगाचार चौकात देशभरातल्या खानावळी आपापल्या शेगड्या मांडतात. शाकाहारी माणसासाठी ही जागा मला सगळ्यात भरवशाची वाटते. पदार्थ डोळ्यांसमोर होत असतो; कढईत काय पडलं ते दिसतं. चौघं मिळून चार ठिकाणचं घ्या, चौकातल्या पायऱ्यांवर बसून वाटून खा. पाऊस असला तर मात्र हा बाजार भरत नाही. म्हणून बुधवारी रात्री अंदाज बघा. शुक्रवारी दिवसभर पाऊस दिसत असेल तर ब्लेड सोडा आणि पोस्तोय्नाच्या गुहेत जा. रेल्वेनं तासाभराचं गाव, स्टेशनपासून गुहा दोनेक किलोमीटर. आत पावणेचार किलोमीटर छोट्या आगगाडीनं नेतात, पायी दीडेक किलोमीटर. ही गाडी १८७२ पासून चालते आहे, पहिल्यांदा तर वाटाडे डबे हातानं ढकलायचे. आत बारा महिने दहा अंश तापमान, स्वेटर लागतोच. आणि त्या दिवशी दुपारी कोसीलोही साधेल.

शनिवार पूर्ण गावाचा. आठला बाजारात या, न्याहारी न करता.

बाजाराचा नदीकडचा भाग म्हणजे लांबलचक खांबांची ओसरी. ही योझे प्लेच्निकची. हे एक नाव घट्ट लक्षात ठेवा, कारण त्यानंतर गाव वेगळं दिसायला लागतं. १८७२ चा जन्म, इथलाच. व्हिएन्नात शिकला, प्रागचा किल्ला नव्यानं सजवण्याचं काम त्याच्याकडे होतं, आणि १९२१ मध्ये शिकवायला म्हणून गावी परत आला तो १९५७ मध्ये जाईपर्यंत इथेच बांधत राहिला. गावाला पैसा कमी होता. म्हणून त्यानं आहे ते पाडलं नाही. तिहेरी पुलाकडे बघा: मधला दगडी पूल १८४२ चा, वाहतुकीला अपुरा पडायला लागलेला. दुसरा कोणी असता तर तोडून रुंद केला असता. प्लेच्निकनं त्याला हात लावला नाही, दोन्ही अंगांना माणसांसाठी तिरके दोन पूल टाकले आणि १९३२ पर्यंत काम पुरं केलं. २०२१ मध्ये युनेस्कोनं त्याची ल्युब्ल्यानातली कामं जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

बाजारात एखाद्या आजी आंबवलेल्या कोबीचं लाकडी पिंप घेऊन बसलेल्या सापडतील. चव मागा, चिमट्यानं उचलून तळहातावर ठेवतात. आंबट, खारट, गार. आणि शेजारच्या पिंपात आंबवलेल्या सलगमाचा कीस, तो जास्त करकरीत. आईंना लोणच्यांचा नाद असेल तर त्या तिथून लवकर हलणार नाहीत. पुढे मधाच्या मांडण्या. बाभळीच्या जातीचा फिकट, लिंडनचा सुगंधी, चेस्टनटचा कडवट आणि कुट्टूचा काळपट. चमच्याच्या टोकावर एकेक देतात, आणि फिकटाकडून गडदाकडे चाखायचा. उलट केलं तर फिकट मधाची चवच लागत नाही. मधाचा या लोकांना मनापासून अभिमान आहे. २० मे हा जागतिक मधमाशी दिवस स्लोव्हेनियाच्या आग्रहामुळे संयुक्त राष्ट्रांनी ठरवला, आंतोन यान्शा या अठराव्या शतकातल्या मधपाळाच्या नावानं. तो व्हिएन्नात राणी मारिया तेरेसाच्या राज्यात मधमाशीपालन शिकवायचा. तुम्ही तिथूनच येताय, दुवा जुळतोय. रविवारच्या प्रवासासाठी फळं, चीज, पाव, टोमॅटो आत्ताच घेऊन ठेवा. का ते पुढे सांगते.

बाजारातून ड्रॅगन पूल दोन मिनिटांवर. १८९५ च्या ईस्टरला इथे मोठा भूकंप झाला, गावाचा बराच भाग नव्यानं उभा राहिला. हा पूल त्यातलाच, १९०१ चा. फोटो काढा आणि केबल-रेल्वेनं किल्ल्यावर जा. किल्ल्यात मी तासापेक्षा जास्त वेळ देत नाही. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला बर्फाचे आल्प्स दिसतात, तेवढ्यासाठीच जायचं. साडेबाराला खाली उतरून गोस्तील्नात, म्हणजे घरगुती खानावळीत, श्त्रुक्ली. जागा आधी सांगून ठेवा, शनिवारी लागते.

दुपारी प्लेच्निकचं राष्ट्रीय ग्रंथालय. १९४१ मध्ये पुरं झालेली लाल विटांची आणि करड्या दगडांची इमारत, जुन्या वाड्याचे दगड नव्या भिंतीत बसवलेले. दाराची मूठ घोड्याच्या डोक्याची, पितळी, हातांनी घासून चकाकलेली. ती धरून दार ओढलं की आत अंधार आणि समोर जिना. दोन्ही बाजूंना काळ्या संगमरवराचे एकूण ३२ खांब. पायरी-पायरीनं उजेड वाढत जातो आणि वर वाचनकक्षाशी मोठ्या खिडक्या. अज्ञानातून ज्ञानाकडे, असा त्याचा बेत. 'तमसो मा ज्योतिर्गमय' शिकवलेल्या माणसाला हे समजावावं लागणार नाही. शनिवारच्या वेळा आधी तपासा. आणि एवढा जिना आईंना आवरेल, मधे टेकायला जागा आहे.

तुमच्या प्रश्नात ओझरता उल्लेख होता की बाबांनी शाळेत तीस वर्षं संस्कृत शिकवलं. मग त्यांच्यासाठी या गावात एक ठेवा आहे, तोही फुकट. स्लोव्हेनियन भाषेत द्विवचन जिवंत आहे. एक कॉफी 'कावा', दोन कॉफी 'द्वे कावी', तीन म्हटलं की रूप पुन्हा बदलतं. संस्कृतात स्त्रीलिंगी दोनला 'द्वे' आणि इथेही 'द्वे'. 'आम्ही दोघं जातो' याला ते 'मिद्वा ग्रेवा' म्हणतात. 'आवां गच्छावः' मधला 'वः' आणि हा 'वा' एकाच जुन्या घरातले. मी एकदा निवृत्त शिक्षकांच्या गटाला हे सांगितलं, तर संध्याकाळी दोन गृहस्थ नदीकाठच्या कॅफेत शेजारच्या टेबलावरच्या विद्यार्थ्याला पकडून वहीत रूपं उतरवून घेत होते. तो मुलगाही रंगला होता. बाबांना कॉफी मागवू द्या: "द्वे कावी, प्रोसिम." आईंसाठी आणि स्वतःसाठी.

शनिवारी पाऊस आला तर महानगर संग्रहालयात जा. गावाच्या दक्षिणेच्या दलदलीत २००२ मध्ये सापडलेलं लाकडी चाक तिथे आहे, आसासकट, पाच हजार वर्षांहून जुनं. आस चाकात पक्का बसवलेला, म्हणजे दोन्ही एकत्र फिरत. अंधाऱ्या खोलीत ते एकटं ठेवलंय.

रविवार. स्लोव्हेनियात २०२० च्या कायद्यानं रविवारी आणि सणाच्या दिवशी दुकानं बंद ठेवायची आहेत; पेट्रोल पंप, स्टेशनवरची छोटी दुकानं आणि मालक स्वतः गल्ल्यावर बसतो अशी काही सोडली तर काही उघडं नसतं. भाजीबाजारही बंद. शनिवारीच घ्या म्हटलं ते यासाठी. (याच कारणानं तारखा अलीकडे ओढू नका: १ आणि २ मे दोन्ही दिवस तिथे सुट्टी असते.) कॅफे आणि खानावळी मात्र चालू असतात, आणि नदीकाठी सकाळी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. युगोस्लाव्हियाच्या काळची पदकं, कॉफीच्या हातगिरण्या, जुनी पोस्टकार्डं. मधपेट्यांच्या दर्शनी फळ्यांवर शेतकरी चित्रं रंगवून घेत. त्यांच्या नकला इथे मिळतात. एक फळी सामानात सहज मावते. दहाला जा, तासभर पुरतो.

तेलाची आणि मधाची बाटली चेक-इनच्या बॅगेत, टॉवेलात गुंडाळून. गावातल्या बसमध्ये रोख पैसे घेत नाहीत, पण तुम्हाला बस लागणारच नाही. नळाचं पाणी पिण्याजोगं आहे, बाटल्या चौकातल्या नळावर भरा. आणि व्हेनिसच्या बसमध्ये बसण्याआधी रविवारी उघड्या असलेल्या एखाद्या कॅफेतून पोतित्साचे चार काप बांधून घ्या. ती दुसऱ्या दिवशी जास्त चांगली लागते.